डुकराने माणसाला मारलं की माणसाने डुकराला? पापुआन भाषा कर्ता आणि कर्म कसं ओळखतात

'डुकराने माणसाला मारलं' हे मराठी वाक्य कसंही उलटंपालटं करा. 'माणसाला डुकराने मारलं', 'मारलं डुकराने माणसाला'. बोलण्याचा झोक बदलेल, पण मारणारा कोण आणि मार खाणारा कोण याबद्दल ऐकणाऱ्याचा गोंधळ होणार नाही. 'ने' आणि 'ला' ही दोन अक्षरं ते काम चोख करतात. आता ती दोन्ही काढून टाका. 'डुक्कर', 'माणूस' आणि 'मारणं' एवढंच हातात उरलं, तर काय कळेल?

न्यू गिनी बेटाच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात फोरे नावाची भाषा बोलतात. कुरू या मेंदूच्या आजारावरच्या संशोधनाला १९७६ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तो आजार याच फोरे लोकांमध्ये होता. या भाषेत 'यागा वा आएगुये' असं एक वाक्य आहे. 'यागा' म्हणजे डुक्कर, 'वा' म्हणजे माणूस आणि 'आएगुये' म्हणजे 'तो त्याला मारतो'. दोन्ही नामं उघडी, कोणालाही प्रत्यय नाही. तरी फोरे माणसाला याचा एकच अर्थ लागतो: माणूस डुकराला मारतो. शब्द फिरवून 'वा यागा आएगुये' म्हटलं तरी अर्थ तोच. माणूस आणि जनावर एकत्र आले की करणारा माणूसच, हे भाषेने धरून ठेवलेलं आहे. डुक्कर माणसावर धावून गेलं असेल तर मात्र डुकराला एक खास शेपूट जोडावं लागतं: 'यागावामा वा आएगुये'.

म्हणजे आपल्या 'ने'सारखं काहीतरी फोरेकडेही आहे. फक्त ते प्रत्येक वाक्यात वापरत नाहीत. ऐकणारा चुकण्याची शक्यता असेल तिथेच ते बाहेर काढतात. पापुआन भाषांच्या व्याकरणात ही वृत्ती वेगवेगळ्या वेशांत पुन्हा पुन्हा भेटते, आणि मला ती फार आकर्षक वाटते. कर्ता-कर्म ओळखण्याची जबाबदारी कोणाच्या खांद्यावर टाकायची, नामाच्या, क्रियापदाच्या, शब्दक्रमाच्या की ऐकणाऱ्याच्या समजुतीच्या, याची इतकी निरनिराळी उत्तरं एवढ्याशा भूभागात क्वचितच सापडतील.

'पापुआन' म्हणजे नेमकं कोण?

'पापुआन भाषा' हे एका भाषाकुटुंबाचं नाव नाही, हे आधी सांगायला हवं. न्यू गिनी हे ग्रीनलँडनंतरचं जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट. त्याचा पश्चिम अर्धा भाग इंडोनेशियात आहे, आणि पूर्वेकडे १९७५ साली स्वतंत्र झालेला पापुआ न्यू गिनी हा देश आहे. या बेटावर आणि आजूबाजूच्या तिमोर, आलोर, पंतार, हाल्माहेरा, बूगनव्हिल अशा बेटांवर ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन कुटुंबातल्या नाहीत, त्या सगळ्यांना मिळून पापुआन म्हणतात. ऑस्ट्रोनेशियन बोलणारे दर्यावर्दी इथे साधारण तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी आले. त्यांच्या आधी हजारो वर्षं इथे राहणाऱ्या लोकांच्या या भाषा.

त्यांची संख्या ८०० च्या वर जाते. त्यांत डझनावारी स्वतंत्र कुटुंबं आहेत आणि कोणाशीच नातं न जुळणाऱ्या एकट्या भाषाही आहेत. सगळ्यांत मोठं कुटुंब 'ट्रान्स न्यू गिनी'. त्याच्या मूळ भाषेत 'मी'साठी 'ना' आणि 'तू'साठी 'गा' यांच्या जवळपासची रूपं असावीत, असं तुलनेवरून ठरवलं गेलं आहे. सर्वनामं हा इथे नात्यांचा सर्वांत भरवशाचा पुरावा ठरला. पुढे दिसेल की याच सर्वनामांचे तुकडे क्रियापदाला चिकटून कर्ता-कर्म सांगण्याचं काम करतात.

तेव्हा 'पापुआन भाषांत असं असतं' असं सरसकट विधान करणं धोक्याचं. प्रवृत्ती मात्र सांगता येतात. बहुतेक ठिकाणी क्रियापद मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी येतं. आणि पुष्कळ भाषांत कोण कोणाला काय करतो हे नामापेक्षा क्रियापदच जास्त सांगतं.

सगळा भार क्रियापदावर

सेपिक नदीच्या खोऱ्यात यिमास नावाची भाषा आहे. विल्यम फोली या भाषाशास्त्रज्ञाने तिचं सविस्तर व्याकरण लिहिलं, म्हणून जगाला ती ठाऊक झाली. यिमासमध्ये कर्त्याला प्रत्यय नाही, कर्मालाही नाही. शब्दक्रम मोकळा. फोलीने दिलेली ही दोन वाक्यं पाहा:

पायुम नार्माङ नाम्पुताय: पुरुषांनी बाईला पाहिलं.
पायुम नार्माङ पुन्ताय: बाईने पुरुषांना पाहिलं.

'पायुम' म्हणजे पुरुष, अनेकवचन. 'नार्माङ' म्हणजे बाई, एकवचन. दोन्ही वाक्यांत हे शब्द तेच आणि त्याच क्रमात आहेत. फरक फक्त क्रियापदात. 'ताय' हा पाहण्याचा धातू. पहिल्या वाक्यात त्याच्यापुढे 'ना' आणि 'म्पु' आहेत: 'ना' म्हणजे पाहिली गेलेली एक व्यक्ती, 'म्पु' म्हणजे पाहणारे अनेक. दुसऱ्या वाक्यात 'पु' म्हणजे पाहिले गेलेले अनेक आणि 'न्' म्हणजे पाहणारी एक व्यक्ती. क्रियापदातच सगळा व्यवहार नोंदलेला आहे. 'पायुम' आणि 'नार्माङ' हे शब्द उच्चारलेच नाहीत तरी 'नाम्पुताय' हे एकटं पूर्ण वाक्य आहे: त्यांनी तिला पाहिलं.

यात एक खुबी आहे, आणि मराठी माणसाला ती इतर अनेकांपेक्षा लवकर पटेल. 'तो गेला' हे यिमासमध्ये 'नावात', आणि 'ते गेले' हे 'पुवात'. म्हणजे 'जाणारे अनेक' यांच्यासाठी 'पु' आणि 'पाहिले गेलेले अनेक' यांच्यासाठीही 'पु'. पाहणारे अनेक असतील तर मात्र वेगळं, 'म्पु'. एकट्याने होणाऱ्या क्रियेचा कर्ता आणि दोघांत होणाऱ्या क्रियेचं कर्म यांना भाषा एका गटात टाकते, आणि दुसऱ्यावर काही करणाऱ्याला वेगळं काढते.

विचित्र वाटतं? मग हे पाहा: 'मुली गेल्या' आणि 'त्याने मुली पाहिल्या'. 'गेल्या'तला 'ल्या' जाणाऱ्या मुलींचा आहे आणि 'पाहिल्या'तला 'ल्या' पाहिल्या गेलेल्या मुलींचा. पाहणाऱ्या 'त्या'ला क्रियापदात जागाच नाही, त्याच्या वाट्याला 'ने' आला. शाळेत ज्याला कर्मणी प्रयोग म्हणतात तो हाच. भाषाशास्त्रात अशा मांडणीला अर्गेटिव्ह म्हणतात. जगातल्या अनेकांना ती मुद्दाम शिकावी लागते. आपण ती रोज बोलतो, फक्त भूतकाळातल्या क्रियापदांपुरती.

आणखी एक साम्य तर चकित करणारं आहे. आपण 'त्याने आंबा खाल्ला' म्हणतो, पण 'मीने आंबा खाल्ला' म्हणत नाही. 'तू आंबा खाल्लास' यातही 'ने' नाही. म्हणजे 'ने' लागतो तो तिसऱ्या पुरुषाला. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना तो लागत नाही. (जुन्या मराठीत 'म्यां', 'त्वां' अशी वेगळी रूपं होती. आज ती जुन्या काव्यातच भेटतात.) यिमासमध्येही पुरुषाप्रमाणे मांडणी बदलते. तिसऱ्या पुरुषात वर सांगितलेला अर्गेटिव्ह हिशेब चालतो. 'मी'ला मात्र तीन वेगळी रूपं आहेत: 'अमावात' म्हणजे मी गेलो, 'पुकाताय' म्हणजे मी त्यांना पाहिलं, 'पुङाताय' म्हणजे त्यांनी मला पाहिलं. जाणारा मी 'अमा', पाहणारा मी 'का', पाहिला गेलेला मी 'ङा'.

मराठी आणि यिमास यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी दोघींनीही बोलणारा-ऐकणारा एका बाजूला आणि बाकीचं जग दुसऱ्या बाजूला अशी रेघ ओढली आहे. अशी रेघ ऑस्ट्रेलियातल्या आणि हिमालयातल्या भाषांतही दिसते. 'मी' आणि 'तू' हे बोलण्याच्या ठिकाणी हजरच असतात, त्यांच्याबद्दल गोंधळ व्हायला वाव कमी, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था परवडते, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते पटण्यासारखं वाटतं.

क्रियापद कमी पडतं तेव्हा

यिमासची युक्ती एका ठिकाणी अडते. पाहणारा एक आणि पाहिला गेलेलाही एकच असेल तर? 'नान्ताय' म्हणजे 'त्याने त्याला पाहिलं'. बाजूला एक पुरुष आणि एक बाई ठेवलीत तर पाहिलं कोणी हे क्रियापद सांगू शकत नाही, आणि शब्दक्रम मोकळा असल्यामुळे तोही मदतीला येत नाही. यिमासमध्ये नामांचे दहाएक वर्ग आहेत आणि उपसर्ग वर्गानुसार बदलतात, त्यामुळे माणूस आणि होडी किंवा माणूस आणि झाड यांत गोंधळ होत नाही. दोन माणसांमध्ये मात्र प्रसंगावरूनच ठरवावं लागतं.

फोरेमध्ये हीच अडचण आहे आणि तिथे तिचं उत्तरही आहे. 'आएगुये'मधला सुरुवातीचा 'आ' म्हणजे 'त्याला' आणि शेवटचा 'ये' 'तो' मारतो हे सांगणारा. क्रियापदात दोघांचीही नोंद झाली, पण दोघेही तिसऱ्या पुरुषी एकवचनी, तेव्हा उपयोग शून्य. म्हणून फोरे दुसऱ्या आधाराकडे वळते: दर्जाची उतरंड. सगळ्यांत वर माणूस, मग जनावर, मग निर्जीव वस्तू. वरचा खालच्यावर काही करत असेल तर सांगायची गरज नाही. खालचा वरच्यावर करत असेल तर 'वामा' लावा. आणि दोघे एकाच पायरीवर असतील, म्हणजे माणूस आणि मुलगा, तर जो आधी येईल तो कर्ता. डुकराबरोबर शब्दक्रमाला काही किंमत नव्हती, आणि इथे अचानक आली!

ही व्यवस्था खालच्या दर्जाच्या भाषेची नाही, तिथे विचार कमी आहे असंही नाही, हे ठामपणे सांगायला हवं, कारण पापुआतल्या लोकांबद्दल तसलं खूप लिहिलं गेलं आहे. उलट इथे व्याकरणाने प्रत्यक्ष बोलण्याचं निरीक्षण नियमात बसवलं आहे. माणसं दिवसभर जे बोलतात त्यात कर्ता बहुतेक वेळा माणूस असतो आणि कर्म बहुतेक वेळा वस्तू किंवा जनावर. शिवाय एकाच वाक्यात कर्ता आणि कर्म दोन्ही पूर्ण नामाने उच्चारण्याची वेळ फार कमी येते. आपलंच बोलणं आठवा: 'कापला का?' 'हो, कापला.' कोणी, काय, हे आधीच माहीत असतं. मग प्रत्येक वेळी प्रत्यय लावण्यापेक्षा नेहमीच्या चाकोरीबाहेरची गोष्ट घडली तेवढ्यापुरता लावणं पुरतं.

काही भाषांत हा प्रत्यय आणखी वेगळं काम करतो. बोसावी भागातल्या कालुली भाषेचा बॅम्बी शीफेलिन यांनी लहान मुलांच्या बोलण्याच्या अंगाने अभ्यास केला. कालुलीत कर्ता आधी आणि कर्म नंतर असा साधा क्रम असेल, तर कर्त्याला प्रत्ययाची गरज नसते. पण कर्म आधी येऊन कर्ता थेट क्रियापदाला भिडला, म्हणजे 'हे कोणी केलं' यावर जोर आला, की प्रत्यय लागतो. 'माझं खाणं कोणी खाल्लं?' अशा भांडणाच्या, मागणीच्या, आरोपाच्या बोलण्यात तो भरपूर ऐकू येतो. आणि कालुली मुलं तो शिकताना सर्वांना सरसकट लावत सुटत नाहीत. 'तो गेला'मधल्या 'तो'ला ती चुकूनही हा प्रत्यय जोडत नाहीत, असं शीफेलिन यांना आढळलं. पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या कू वारू भाषेतही असा प्रत्यय आहे, आणि तोही नेहमी लागतोच असं नाही.

सगळीकडे अशी काटकसर नाही, हेही नोंदवतो. बेटाच्या दक्षिणेकडच्या सखल प्रदेशात नेन नावाची भाषा आहे, बोलणारे काही शे. तिथे नामाला अर्गेटिव्ह प्रत्यय लागतो, आणि वर क्रियापदात पुढून कर्म आणि मागून कर्ता यांचीही नोंद होते. एवढं करूनही एक, दोन की अनेक हे सांगायला उपसर्ग, धातूलगतचं चिन्ह आणि शेवटचा प्रत्यय असे तिन्ही तुकडे एकत्र वाचावे लागतात. एकट्या तुकड्यावरून काही ठरत नाही. निकोलस इव्हान्स यांनी या भाषेवर काम केलं आहे. तिचे क्रियापदांचे तक्ते पाहिले की संस्कृतची रूपं पाठ करणाऱ्यालाही घाम फुटेल.

कर्माची निवड

आतापर्यंत कर्त्याबद्दल जास्त बोललो. कर्माच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे: कोणत्या कर्माची नोंद घ्यायची? मराठीत आपण 'झाड पाहिलं' म्हणतो आणि 'मुलाला पाहिलं'. झाडाला 'ला' नाही, मुलाला आहे. 'गाय बांधली' आणि 'गाईला बांधलं' दोन्ही चालतं, गाय मधल्या पायरीवर आहे.

इंडोनेशियातल्या पंतार बेटावरची तेइवा भाषा हीच निवड क्रियापदावर करते. मारियान क्लामर यांनी तिचं व्याकरण लिहिलं आहे. कर्म सजीव असेल तर क्रियापदाला त्याचा उपसर्ग, निर्जीव असेल तर नाही. शेजारच्या आलोर बेटावर आबुइ भाषा आहे. तिथे उपसर्गाची निवड त्या व्यक्तीवर क्रियेचा किती आणि कसा परिणाम झाला यावर ठरते. इतकंच नाही, तर ज्या क्रियेत एकच व्यक्ती आहे, तिथेही ती गोष्ट तिच्या इच्छेने घडली नसेल तर तिला कर्माचं रूप मिळू शकतं. या सगळ्या शेजारी भाषा एकमेकींच्या नात्यातल्या. पण एकीने सजीवतेला महत्त्व दिलं, दुसरीने परिणामाला. हे वेगळेपण नेमकं पकडण्यासाठी संशोधकांनी छोट्या छोट्या व्हिडिओ फिती तयार केल्या. कोणी पडतं, कोणी कोणाला ढकलतं, कोणी मुद्दाम आडवं होतं. त्या वेगवेगळ्या गावांत दाखवून 'इथे काय झालं?' एवढंच विचारलं.

मियान या भाषेत तर काही थोड्या क्रियापदांना, मुख्यतः उचलणं, देणं, टाकणं अशा हाताळण्याच्या क्रियापदांना, कर्माचा आकारही सांगावा लागतो. पुरुष किंवा नर, बाई किंवा मादी, लांबट वस्तू, पांघरण्याजोगी वस्तू, गाठोडं, आणि बाकी सगळं असे सहा उपसर्ग. सेबास्टियन फेडन यांनी हे बारकाईने नोंदवलं आहे. कर्म न बोलताही ते साधारण कसल्या प्रकारचं होतं हे क्रियापदातून कळतं.

आणि मदाङ शहराजवळच्या आमेले भाषेतलं 'देणं' हे क्रियापद मला सर्वांत आवडतं. त्याला धातूच नाही. कोणाला दिलं ते सांगणारं चिन्ह आणि कोणी दिलं ते सांगणारं चिन्ह ही दोन शेजारी ठेवली की 'दिलं' हा अर्थ आपोआप तयार होतो.

भूक लागणारा कर्ता आहे का?

'मला भूक लागली.' इथे कर्ता कोण? व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे 'भूक', कारण 'लागली' तिच्याप्रमाणे स्त्रीलिंगी झालं. पण भुकेला काय कळतंय? अनुभव 'मला' येतो.

पापुआन भाषांत ही रचना जागोजाग आहे. कलाम भाषेत आजारी पडणं, दुखणं, आवडणं हे सगळं 'मला अमुक करतं' अशा साच्यात बोलतात. अँड्र्यू पॉली यांनी अनेक दशकं अभ्यासलेली ही भाषा मुळात अवघ्या १३० च्या आसपास धातूंवर चालते. 'मला अमुक करतं' या साच्यात आजार हा करणारा, आणि मी ज्याला केलं जातं तो. अनेक भाषांत भूक, झोप, थंडी, राग हे क्रियापदाच्या दृष्टीने कर्ते असतात आणि माणूस कर्म. मराठी वाचकाला इथे परकं काहीच वाटू नये. मग खरा प्रश्न येतो: वाक्य पुढे चालू राहिलं तर 'तोच कर्ता' म्हणून कोणाला धरायचं? याचं उत्तर पुढच्या भागात दडलं आहे.

कर्ता बदलला की नाही, हे आधीच सांगणारं क्रियापद

पापुआतल्या, विशेषतः ट्रान्स न्यू गिनी कुटुंबातल्या, गोष्टी ऐकल्या तर एकेक वाक्य पानभर चालतं. उठला, गेला, झाड पाहिलं, कुऱ्हाड आणली, तोडलं, ती आली, तिने फांद्या उचलल्या, आणि अगदी शेवटी एक पूर्ण क्रियापद, ज्यात काळ वगैरे सगळं असतं. मधली क्रियापदं अपुरी असतात. मराठीतही हे आहे: 'उठून, आवरून, चहा पिऊन, डबा घेऊन तो निघाला.'

'ऊन'मध्ये एक नियम लपलेला आहे, जो आपण न शिकता पाळतो. 'मी येऊन जेवलो' बरोबर. 'मी येऊन तू जेवलास' कोणी म्हणणार नाही. तिथे 'मी आल्यावर तू जेवलास' असंच म्हणावं लागतं. 'ऊन' सांगतो की कर्ता बदललेला नाही.

आमेलेमध्ये हा नियम क्रियापदाच्या रचनेतच पक्का बसवलेला आहे. 'हुमिग साब जिगा' म्हणजे 'मी आलो आणि जेवण खाल्लं'. 'हुमिग'मधला 'हु' म्हणजे येणं, 'इग' म्हणजे मी, आणि मधला 'म' म्हणजे 'पुढेही कर्ता तोच'. मी आलो आणि तू खाल्लंस असं असेल, तर येण्याच्या क्रियापदातच या 'म'च्या जागी 'आता कर्ता बदलतोय' असं सांगणारं चिन्ह येतं. ऐकणाऱ्याला पुढचं वाक्य ऐकण्याआधीच कळतं की दुसरं कोणीतरी येणार आहे. जॉन रॉबर्ट्स यांनी आमेलेतली ही पद्धत फार तपशिलात मांडली. अशा यंत्रणेला भाषाशास्त्रात 'स्विच रेफरन्स' म्हणतात. ते नाव १९६७ साली अमेरिकेतल्या आदिवासी भाषांच्या अभ्यासातून आलं, पण त्याचं सर्वांत भरघोस पीक न्यू गिनीत आहे. डोंगरी भागातली हुआ भाषा तर आणखी पुढे जाते. तिच्या मधल्या क्रियापदावर पुढच्या वाक्याचा कर्ता कोणत्या पुरुषाचा आहे याचीही आगाऊ खूण असते.

याचा कर्ता-कर्माशी थेट संबंध आहे. एकदा गोष्टीत 'तो' आणि 'ती' प्रस्थापित झाले, की नामं पुन्हा उच्चारायची गरजच राहत नाही. 'तोच, तोच, तोच, बदल, तीच, तीच, बदल' असा माग क्रियापदं आपसांत ठेवतात. नामांवरचे प्रत्यय इतके कमी का, त्याचं एक कारण इथे आहे, असं मला वाटतं. कर्ता कोण हा प्रश्न एका वाक्यात सोडवायचा नसून सबंध कथनात सोडवायचा आहे.

आता भुकेकडे वळू. 'मी चालत गेलो आणि मला भूक लागली' यात कर्ता बदलला की नाही? क्रियापदाच्या हिशेबाने बदलला, आधी मी, मग भूक. पण अनेक पापुआन भाषा इथे 'कर्ता तोच'ची खूण लावतात, कारण गोष्ट माझीच चालू आहे. मराठीही तसंच करते: 'तिथे जाऊन मला वाईट वाटलं.' जाणारा मी, 'वाटलं' मला, आणि 'ऊन' खुशाल चालतो. कर्ता ठरवताना प्रत्ययापेक्षा अनुभव कोणाचा याला दोन्हीकडे जास्त मान आहे.

उलटही घडतं. आमेलेमध्ये माणूस तोच असूनही जागा किंवा काळ एकदम बदलला तर 'बदल'ची खूण लागू शकते. आणि मराठीत 'पाऊस पडून चिखल झाला' यात पडणारा पाऊस आणि होणारा चिखल वेगळे असूनही आपण 'ऊन' वापरतोच. जिथे मुद्दाम करणारं कोणीच नाही तिथे नियम सैल पडतो. या खुणा फक्त कर्त्याला चिकटलेल्या नाहीत. प्रसंग सलग आहे की तुटला, हेही त्या सांगतात.

प्रत्यय गळून पडले तर

यिमास लोक शेजारच्या गावांशी व्यापार करत. त्यासाठी यिमासवरच बेतलेली एक कामचलाऊ बोली तयार झाली होती. त्या बोलीत क्रियापदापुढचे उपसर्ग टिकले नाहीत. 'नाम्पुताय' आणि 'पुन्ताय' यांतला तो सुंदर हिशेब परक्यांना पेलवणारा नव्हता. मग कोण कोणाला हे कळायचं कसं? बोलीने 'नाम्बान' हा शब्द घेतला, जो यिमासमधल्या 'च्या दिशेने' अशा अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे, आणि तो कर्माला, मुख्यतः सजीव कर्माला, जोडायला सुरुवात केली. आपला 'ला'ही हीच दोन कामं करतो: 'गावाला गेला' यात दिशा आणि 'मुलाला पाहिलं' यात सजीव कर्म. क्रियापदावरचा भार उतरला, तसा तो नामावर आला.

आज सेपिकच्या काठावरची मुलं मोठ्या संख्येने तोक पिसिन बोलत वाढतात. ती पापुआ न्यू गिनीची सर्वांत पसरलेली संपर्कभाषा, बरेचसे शब्द इंग्रजीतून आलेले. 'मान इ लुकिम मेरि' म्हणजे पुरुषाने बाईला पाहिलं. 'मेरि इ लुकिम मान' म्हणजे बाईने पुरुषाला. नामावर खूण नाही, क्रियापदावर कर्त्या-कर्माची खूण नाही. 'लुकिम'मधला 'इम' एवढंच सांगतो की या क्रियेला कर्म आहे, पण ते कोणतं हे सांगत नाही. कर्ता क्रियापदाच्या अलीकडे, कर्म पलीकडे, सगळा भार शब्दक्रमावर. यिमास पूर्णपणे बोलणारे लोक आता फार थोडे उरले आहेत आणि बहुतेक वयस्कर आहेत. त्यांच्या घरात आजी जे एका क्रियापदात सांगते, ते नातवंडं तीन शब्दांचा क्रम लावून सांगतात.